देवळालीचे कापरेकर सर आणि सतरा अंकी संख्या

१२३४५६७८९८७६५४३२१ ही संख्या फळ्यावर लिहा. उलटीकडून वाचली तरी तीच! ११ चा वर्ग १२१, १११ चा वर्ग १२३२१, असं करत नऊ एक लिहिले की त्यांचा वर्ग म्हणजे ही संख्या. अशा संख्यांना 'डेम्लो संख्या' हे नाव दिलं ते देवळालीच्या एका शाळामास्तरांनी, दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर सरांनी.

सरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला झाला. लहानपणीच आई गेली. कारकुनी करणाऱ्या वडिलांनी त्यांना वाढवलं. वडिलांना ज्योतिषाचा नाद, त्यामुळे आकडेमोड घरातलीच. शिक्षण ठाण्याला आणि पुढे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात. १९२७ साली त्यांना गणितातल्या स्वतंत्र कामासाठी रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं. १९२९ ला बी.एस्सी. झाले आणि तिथेच शिक्षण थांबलं. १९३० ते १९६२ देवळालीत शाळेत शिकवलं.

डेम्लो हे जी.आय.पी. रेल्वेवरच्या एका स्टेशनाचं नाव. कल्पना तिथे सुचली म्हणून तेच नाव! गाडीची वाट बघताना आपण काय करतो, हा विचार मनात येतोच.

सरांनी 'हर्षद', म्हणजे आनंद देणाऱ्या, संख्याही शोधल्या. अंकांच्या बेरजेने संख्येला निःशेष भाग गेला की ती हर्षद. १८ घ्या : १+८=९, आणि ९ ने १८ ला भाग जातो. परदेशात यांना निव्हेन संख्याही म्हणतात, पण आपल्या वर्गात हर्षदच म्हणूया. मग वरची सतरा अंकी संख्या हर्षद आहे का? १ ते ८ हे अंक दोनदा येतात, त्यांची बेरीज ७२, मधला ९ मिळवून ८१. आता ८१ ने भाग द्यायला लावा. भागाकार लांबतो, मुलं कुरकुरतात, पण शेवटी बाकी शून्य येते. भागाकार १५२४१५७८९९७१०४१.

दुसरी चाचणी 'कापरेकर संख्ये'ची. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे दोन तुकडे २० आणि २५, बेरीज पुन्हा ४५. हेच आपल्या संख्येला लावलं, तर १२३४५६७८ + ९८७६५४३२१ = ९९९९९९९९९. यायला हव्या होत्या नऊ एका, आले नऊ नऊ! म्हणजे १११११११११ काही कापरेकर संख्या नाही.

६१७४ चा स्थिरांक बहुतेकांना माहीत आहे, म्हणून त्यावर फार लिहीत नाही. तो सरांनी १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडला.

या सगळ्याला बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार एवढंच लागतं. बहुधा म्हणूनच आपल्याकडच्या अनेक गणितज्ञांना हे काम किरकोळ वाटलं. सर स्वतःच्या खर्चाने पुस्तिका छापत राहिले. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा कुठे जगाचं लक्ष गेलं. तोवर सरांना निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली होती. १९६६ मध्ये पत्नी वारल्या होत्या, पेन्शन पुरत नव्हती, म्हणून ते गणित-विज्ञानाच्या शिकवण्या घेत. १९८६ साली ते गेले.