कन्यांच्या कैवारी पंडिता रमाबाई

ज्युबिलीच्या मंगल प्रसंगी गतकाळातील थोर व्यक्तींचे स्मरण करणे उचित होय. पंडिता रमाबाई आपल्या कॅथलिक सभेच्या सभासद नव्हत्या; तथापि त्यांचे चरित्र प्रत्येक ख्रिस्ती मातापित्याने मनन करावे असेच आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ नामक अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला संस्कृत शिकविले, म्हणून त्यांस शास्त्रीमंडळींचा रोष सोसावा लागला. त्याच मातेने भल्या पहाटे उठवून रमेस विद्या दिली. पुढे दुष्काळात मातापिता व थोरली बहीण मृत्युमुखी पडली. रमाबाई व बंधू श्रीनिवास देशभर पायी भ्रमण करीत इ. स. १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी त्यांस पंडिता व सरस्वती या पदव्या अर्पण केल्या. परंतु लवकरच बंधू निवर्तले, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पतीही पटकीने गेले. तेविसाव्या वर्षी कडेवर तान्ही मनोरमा, आणि जवळ मातेने दिलेल्या विद्येवाचून दुसरे धन नाही, अशी त्यांची स्थिती झाली.

त्याच वर्षी पुण्यास येऊन त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला. हंटर कमिशनापुढे साक्ष देताना मुलींसाठी शिक्षिका तयार कराव्या, शाळा तपासण्यास स्त्रिया नेमाव्या व स्त्रियांस वैद्यकीचे शिक्षण द्यावे, अशी मागणी त्यांनी केली. १८८३ मध्ये त्या इंग्लंडास गेल्या. तेथे वाँटेज गावी २९ सप्टेंबर रोजी, देवदूत संत मिखाएल यांच्या सणादिवशी, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. यामुळे स्वदेशातील अनेक स्नेही दुरावले.

पुढे अमेरिकेत ग्रंथ लिहून व व्याख्याने देऊन त्यांनी साहाय्य मिळविले आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदा सदन उघडले. तेथील पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई होय. त्याच पुढे आनंदीबाई कर्वे झाल्या. सदन पुण्यास नेल्यावर १८९३ मध्ये धर्मांतराच्या प्रश्नावरून मोठे वादळ उठले व अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. तरीही बाईंनी कार्य सोडले नाही.

आपल्या वऱ्हाडास लागून असलेल्या मध्यप्रांतात १८९६-९७ साली भीषण दुष्काळ पडला. स्वतः उपासमार भोगलेल्या रमाबाई तेथे धावून गेल्या व सुमारे ३०० निराधार मुली व विधवा घेऊन आल्या. केडगाव येथील मुक्तिसदनात त्यांस अन्नवस्त्र मिळालेच. शिवाय लेखन-वाचन, विणकाम, शेती व छापखान्याचे कामही त्या शिकल्या. रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर तेथील स्त्रियांच्याच हातून छापले गेले.

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमा वारली. रमाबाईंनी ५ एप्रिल १९२२ रोजी देह ठेविला.

वाचकहो, एका पित्याने लोकनिंदा सोसून पत्नीस शिकविले. त्या मातेने कन्येस शिकविले. आणि त्या कन्येने शेकडो अनाथांस स्वतःच्या पायांवर उभे केले. नेरच्या आपल्या घरोघरी जी कन्या पाटीपुस्तक हाती घेऊन बसली असेल, तिला घरकामासाठी वा विवाहाच्या घाईने मध्येच उठवू नये. प्रभूने तिच्या ठायी कोणते सामर्थ्य ठेविले आहे, हे आपणांस आज कसे कळावे?