जिद्दी बेब

अमेरिकेतील टेक्सास राज्यात पोर्ट आर्थर नावाचे शहर आहे. तेथे २६ जून १९११ रोजी एका गरीब कुटुंबात एक मुलगी जन्मली. तिचे नाव मिल्ड्रेड डिड्रिकसन. तिचे आईवडील नॉर्वे देशातून अमेरिकेत आले होते. पुढे सारे जग या मुलीला 'बेब' या नावाने ओळखू लागले.

बेबला लहानपणापासून खेळांचे वेड होते. १९३२ साली लॉस एंजेलिस येथे ऑलिंपिक सामने भरले. तेव्हा ती २१ वर्षांची होती. भालाफेक आणि ८० मीटर अडथळ्यांची शर्यत या दोन्हींत तिने सुवर्णपदके जिंकली. उंच उडीत तिला रौप्यपदक मिळाले.

पुढे ती गोल्फ खेळू लागली. या खेळात काठीने लहानसा चेंडू मारत मारत दूरच्या खळग्यात घालावा लागतो. जो सर्वांत कमी फटके घेतो, तो जिंकतो. बेबने खूप मेहनत केली आणि या खेळातही मोठे नाव मिळवले. १९३८ साली जॉर्ज झहारियास या पहिलवानाशी तिचे लग्न झाले.

१९५३ साल आले. बेबला काही दिवसांपासून फार थकवा जाणवत होता, पण स्पर्धांच्या धावपळीत तपासणी लांबणीवर पडत गेली. एप्रिल महिन्यात बोमाँट शहरात तिने एक स्पर्धा जिंकली. त्यानंतर लगेच ती डॉक्टरांकडे गेली. तपासणीत मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात कर्करोग, म्हणजेच कॅन्सर, असल्याचे आढळले. साऱ्या देशाला धक्का बसला. इतक्या बळकट खेळाडूला असा आजार होईल, असे कोणाला वाटले नव्हते.

त्या काळी लोक या रोगाचे नाव घ्यायलाही भीत असत. रोगी आपला आजार लपवून ठेवत. बेबने मात्र काहीच लपवले नाही. त्याच महिन्यात तिच्यावर मोठी शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी आतड्याचा रोगट भाग काढून टाकला आणि मल बाहेर पडण्यासाठी पोटावर नवा मार्ग तयार केला. ही नवी सवय लावून घेणे सोपे नव्हते. आता बेबचा खेळ संपला, असे अनेकांना वाटले. पण दवाखान्यातील खोलीत तिने गोल्फच्या काठ्या डोळ्यांसमोर ठेवल्या होत्या!

रोग जवळच्या गाठींपर्यंत पसरला आहे, हे शस्त्रक्रियेच्या वेळी डॉक्टरांना दिसले होते. ही गोष्ट त्यांनी तिच्या पतीला आणि एका मैत्रिणीला सांगितली, बेबला सांगितली नाही. रोग्याला पूर्ण सत्य न सांगण्याची तेव्हा रीत होती.

शस्त्रक्रियेनंतर चार महिन्यांच्या आतच बेब पुन्हा स्पर्धेत उतरली. त्या वेळी तिला यश मिळाले नाही, पण तिने सराव सोडला नाही. जुलै १९५४ मध्ये अमेरिकेतील महिलांची सर्वांत मोठी गोल्फ स्पर्धा झाली. या स्पर्धेत दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूपेक्षा १२ फटके कमी घेऊन बेबने विजय मिळवला.

या विजयाने हजारो रोग्यांना धीर आला. बेब दवाखान्यांत जाऊन रोग्यांना भेटत असे. कर्करोगाची माहिती देण्यासाठी आणि त्याच्या कामाला पैसा मिळावा म्हणून ती जागोजागी बोलत असे. १९५५ साली रोग पुन्हा उलटला. तरीही त्या वर्षी तिने आणि जॉर्जने कर्करोगाच्या कामासाठी एक निधी सुरू केला. २७ सप्टेंबर १९५६ रोजी बेबचे निधन झाले. तेव्हा तिचे वय अवघे ४५ वर्षांचे होते.

बेब रोगापुढे हरली असे कोण म्हणेल? तिने आजाराला नाव दिले आणि लोकांच्या मनातील लाज कमी केली. आज कर्करोगावर पूर्वीपेक्षा चांगले इलाज आहेत. लवकर निदान झाले तर अनेक रोगी बरे होतात. म्हणून शरीराची तक्रार अंगावर काढू नये, वेळीच डॉक्टरांकडे जावे आणि आजार लपवू नये.