दुष्काळातले तुकोबा

वर्गमित्रांनो आणि भिंतीपाशी थांबून वाचणाऱ्या पालकांनो, तुकाराम महाराज आपणां सर्वांना चित्रातून माहीत आहेत. हातात वीणा, कपाळी बुक्का, मुद्रा प्रसन्न. पण ही प्रसन्नता त्यांना आयती मिळाली नव्हती. मी त्यांच्या आयुष्यातला कोरडा काळ सांगणार आहे. बाकीचं आपण कीर्तनात ऐकतोच.

पुणे जिल्ह्यात इंद्रायणीच्या काठी देहू गाव आहे. तेथे मोरे घराण्यात, बहुतेकांच्या मते इ. स. १६०८ साली, तुकोबांचा जन्म झाला. वडील बोल्होबा, आई कनकाई. घरी महाजनकी, शेती, दुकान आणि सावकारी. कशाची ददात नव्हती. पंढरीची वारी पिढ्यान् पिढ्या चालत आलेली आणि विठ्ठलाचं देऊळ तर घरचंच. तेव्हा देवाचं नाव त्यांना लहानपणापासून सवयीचं होतं. पण सुखात घेतलेलं नाव वेगळं आणि संकटात घेतलेलं वेगळं.

आधी आईवडील गेले. थोरले भाऊ सावजी बायको वारल्यावर तीर्थयात्रेला निघून गेले. सगळा भार तुकोबांवर आला. त्यात १६३० च्या सुमारास दख्खनेत मोठा दुष्काळ पडला. गुरंढोरं मेली, दुकानाचं दिवाळं निघालं. पहिली बायको रखमाबाई अन्न अन्न करीत गेली. मुलगा संतूही गेला. तुकोबांचं वय तेव्हा अवघं एकवीस-बावीस. आपल्यापैकी कुणाच्या थोरल्या भावाएवढं!

कुणीही म्हणेल, आता देवाचं नाव कशाला घ्यायचं? तुकोबांचंही मन संसारातून उडालं. ते भामचंद्राच्या आणि भंडाऱ्याच्या डोंगरावर एकटेच जाऊन बसू लागले. तिथं त्यांनी काय केलं, ते मला फार महत्त्वाचं वाटतं. स्वतःचा अभंग अजून फुटला नव्हता. म्हणून त्यांनी ज्ञानदेव, नामदेव, एकनाथ, कबीर यांची वचनं पाठ केली. तीच म्हणायची, पुन्हा म्हणायची, आपण पाढे म्हणतो तशी. कुणाचं कीर्तन असलं की मागे उभं राहून ध्रुपद धरायचं. घरचं देऊळ पडायला आलं होतं, ते स्वतः राबून नीट केलं. लोकांच्या कर्जाचे कागद भाऊ कान्होबाबरोबर निम्मे वाटून घेतले आणि आपल्या वाट्याचे इंद्रायणीत सोडून दिले.

दुसरी बायको जिजाई डोंगरावर भाकरी घेऊन जायची असं सांगतात. तिला भांडखोर म्हणतात, ते मला काही पटत नाही. घरात दाणा नाही, पोरं उपाशी, मग ती बोलणारच की!

पुढे स्वप्नात बाबाजी चैतन्यांनी त्यांना रामकृष्णहरी हा मंत्र दिला, आणि नामदेवांनी स्वप्नात येऊन अभंग रचायला सांगितलं, अशी कथा आहे. मग जे अभंग सुरू झाले ते थांबले नाहीत. त्यांत नुसती स्तुती नाही बरं का. विठोबाशी भांडण आहे, रुसवा आहे, तू मला भेटत का नाहीस म्हणून तक्रारही आहे.

पुन्हा एकदा तसाच काळ आला. वाघोलीच्या रामेश्वर भट्टांनी आक्षेप घेतला आणि तुकोबांना आपल्या अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. एवढ्या वर्षांची कमाई पाण्यात! तुकोबा नदीकाठच्या शिळेवर अन्नपाणी सोडून बसले. एक नाही, दोन नाही, तेरा दिवस. त्यानंतर वह्या पाण्यावर कोरड्या तरंगल्या अशी भक्तांची श्रद्धा आहे. काही जाणकार म्हणतात की अभंग तोवर लोकांना तोंडपाठ झाले होते, म्हणून ते वाचले. काही का असेना, आज गाथेत सुमारे साडेचार हजार अभंग आहेत.

आणि रामेश्वर भट्ट? ते पुढे तुकोबांचे शिष्य झाले, आणि कीर्तनात त्यांच्यामागे टाळ घेऊन उभे राहू लागले.