डार्विनचा बुडालेला डोंगर

मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे ‘प्रवाळ’ म्हणजे काय ते मैत्रिणीला विचारावं लागलं. आजीच्या अंगठीतलं पोवळं एवढीच माझी पोहोच! यवतमाळहून समुद्र तरी किती लांब. पण ज्याला आपण ‘माकडवाला’ म्हणून ओळखतो, त्या चार्ल्स डार्विनने आधी प्रवाळाचं कोडं सोडवलं होतं.

जन्म १२ फेब्रुवारी १८०९, इंग्लंडमधलं श्रूजबरी. वडील डॉक्टर, म्हणून मुलानेही डॉक्टरच व्हायचं (हे होस्टेलवाल्यांना समजावून सांगायला नको). भूल न देता केलेली ऑपरेशन्स बघवेनात, म्हणून त्याने मेडिकल अर्धवट सोडलं. मग पाद्री होण्यासाठी केंब्रिज; तिथे किडे गोळा करण्यातच जास्त लक्ष. ‘बीगल’ जहाजावर जायची संधी आली तर वडील नाहीच म्हणाले. शेवटी मामाने समजूत घातली आणि २७ डिसेंबर १८३१ ला स्वारी निघाली. जवळजवळ पाच वर्षांचा प्रवास, आणि बोट लागायची ती शेवटपर्यंत.

कोडं असं. खडक बांधणारे प्रवाळ उथळ, उजेडाच्या पाण्यातच वाढतात. मग खोल महासागराच्या मधोमध त्यांची गोल बेटं कशी? डार्विन म्हणाला, तिथे ज्वालामुखीचा डोंगर होता. तो हळूहळू खचला, काठावरचे प्रवाळ आपल्याच सांगाड्यांवर वर वर वाढत राहिले. डोंगर बुडाला, कडं उरलं. गंमत म्हणजे हे सुचलं तेव्हा त्याने असा एकही खडक पाहिला नव्हता! आपणही प्रॅक्टिकल न करता रीडिंग लिहितोच, पण त्याने एप्रिल १८३६ मध्ये कीलिंग बेटांवर जाऊन पाण्याची खोली मोजली आणि १८४२ मध्ये पुस्तक काढलं.

पक्का पुरावा त्याच्या मृत्यूनंतर (१८८२) सत्तर वर्षांनी मिळाला. १९५२ मध्ये पॅसिफिकमधल्या एनिवेटोक बेटावर बोअर मारली. १,२०० मीटरहून जास्त नुसता चुनखडक, आणि तळाशी काळा बेसाल्ट! आपल्याकडे विहीर खणताना लागतो, त्याच जातीचा दगड. आपलं लक्षद्वीपही अशाच बुडालेल्या डोंगररांगेवर आहे, आणि दख्खनचा काळा दगड ज्या तप्त जागेतून ६.६ कोटी वर्षांपूर्वी वर आला, तिनेच ती रांग उभी केली असं भूवैज्ञानिक मानतात.

पण हे सगळं गणित डोंगर सावकाश खचतो यावर आहे. प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं, तीच त्याची मेस. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखादा अंश जास्त तापून काही आठवडे तसंच राहिलं, की शेवाळ बाहेर पडतं, प्रवाळ पांढरं पडतं आणि वाढ खुंटते. सावरायलाच वर्षं लागतात. लक्षद्वीपला हा फटका १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये बसला. मालवणच्या प्रवाळांतही पांढरे पडण्याची नोंद झाली आहे. त्यात समुद्राची पातळी दरवर्षी चारेक मिलिमीटर चढतेय, म्हणजे नेमकं वाढायची गरज असताना हे बसून राहतात.

डार्विन कीलिंगला उतरला तेव्हा हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाखांत सुमारे २८५ भाग होता. आज तो ४२० च्या वर आहे.