साडेएकोणीस दिवसांचं अंतर

आमच्या महिला मंडळातल्या एका मैत्रिणीची लेक ऑस्ट्रेलियात असते. मध्यंतरी ती पर्थहून थेट विमानाने लंडनला गेली. सतरा तास एका जागी बसून राहायचं म्हणजे शिक्षाच की, अशी आमची चर्चा चालली होती. तेव्हा मला एमी जॉन्सन आठवली. तिला लंडनहून ऑस्ट्रेलिया गाठायला साडेएकोणीस दिवस लागले होते, आणि विमान ती स्वतः चालवत होती!

एमीचा जन्म १९०३ सालचा, इंग्लंडमधल्या हल या बंदराच्या गावातला. वडिलांचा मासळीचा व्यापार. एमी पदवीधर झाली आणि लंडनला एका वकिलाच्या कचेरीत टायपिंगचं काम करू लागली. फावल्या वेळात फ्लाइंग क्लबात जाता जाता विमानाने तिला वेडच लावलं. १९२९ मध्ये तिने वैमानिकाचा परवाना मिळवला. तेवढ्यावर न थांबता हात तेलाने काळे करून इंजिन दुरुस्तीही शिकली आणि त्याचाही परवाना घेतला. असा परवाना मिळवणारी ती पहिली ब्रिटिश स्त्री.

मग तिने एक जुनं, उघड्या बैठकीचं छोटं विमान घेतलं. निम्मे पैसे वडिलांनी दिले, निम्मे एका तेल कंपनीच्या मालकाने. विमानाला नाव दिलं 'जेसन', म्हणजे वडिलांच्या मालाचा छापच. तोवर तिची सर्वांत लांबची झेप होती लंडन ते हल!

५ मे १९३० रोजी २६ वर्षांची एमी एकटीच निघाली. सोबत रेडिओसुद्धा नव्हता. सहाव्या दिवशी कराची गाठून तिने विक्रम केला. पुढे इंधन संपत आल्यामुळे तिला वाटेत उतरावं लागलं ते चक्क आपल्या राणी लक्ष्मीबाईंच्या झाशीत, लष्कराच्या परेड मैदानावर! रंगूनजवळ तर विमान खड्ड्यात गेलं आणि पंख फाटला. विमानाच्या कापडाचे शिवलेले शर्ट उसवून तो सांधला गेला. त्यात दिवस मोडले, ऑस्ट्रेलियापर्यंतचा साडेपंधरा दिवसांचा विक्रम हुकला. पण २४ मे रोजी सुमारे अठरा हजार किलोमीटर कापून ती डार्विनला उतरली. एकटीने हा प्रवास करणारी ती पहिली स्त्री ठरली.

१९३२ मध्ये तिने जिम मॉलिसन या वैमानिकाशी लग्न केलं आणि त्याच वर्षी लंडन ते केपटाऊन उड्डाणात नवऱ्याचाच विक्रम मोडला. संसार मात्र टिकला नाही, १९३८ मध्ये घटस्फोट झाला.

दुसऱ्या महायुद्धात ती विमानं एका तळावरून दुसऱ्या तळावर पोहोचवायचं काम करू लागली. ५ जानेवारी १९४१ ला ब्लॅकपूलहून ऑक्सफर्डजवळच्या तळावर जायचं होतं. तास-दीड तासाचं अंतर. हवा वाईट होती. साडेतीन तासांनंतर तिचं विमान भलतीकडेच, टेम्स नदीच्या मुखाशी समुद्रात कोसळलं. तिला वाचवायला पाण्यात उडी घेणारा नौदलाचा अधिकारीही गेला. एमीचा देह कधीच सापडला नाही.

अर्धं जग पार करणारी ही मुलगी घरच्या घरी, जवळच्या वाटेवर हरवली. म्हणून मला वाटतं मैत्रिणींनो, लेक एखादी वेगळी वाट धरते तेव्हा ती किती लांब जातेय याचाच घोर लावून घेऊ नये. तिची तयारी किती झालीय ते विचारावं. आणि जमलं तर एमीच्या वडिलांसारखा अर्धा वाटा आपणही उचलावा.