मूळ रहिवाशांचे कैवारी : महागुरू लास कासास

१५१४ सालची गोष्ट. पेन्टेकॉस्टचा सण जवळ आला होता. क्युबा बेटावर तीस वर्षांचे एक स्पॅनिश धर्मगुरू प्रवचनाची तयारी करत बसले होते. पवित्र शास्त्र चाळता चाळता बेन सिराच्या ज्ञानग्रंथाचा ३४वा अध्याय त्यांच्या समोर आला. गरिबाला लुबाडून मिळवलेल्या धनातून केलेले अर्पण देवाला मान्य होत नाही, आणि मजुराची मजुरी बुडवणारा त्याचे रक्त सांडतो, असा त्या वचनांचा आशय आहे. ही वचने त्यांनी यापूर्वीही वाचली असतील. त्या दिवशी मात्र ती त्यांना स्वतःलाच उद्देशून आहेत असे वाटले. कारण हे धर्मगुरू स्वतःच जमीनदार होते आणि त्यांच्या जमिनीवर व खाणीत तिथले मूळ रहिवासी सक्तीने राबत होते. त्यांचे नाव बार्तोलोमे दे लास कासास.

लास कासास यांचा जन्म १४८४ मध्ये स्पेनमधील सेव्हिल शहरात एका व्यापाऱ्याच्या घरी झाला. १४९३ साली त्यांचे वडील कोलंबसच्या दुसऱ्या सफरीवर गेले. काही वर्षांनी परतताना त्यांनी बेटावरचा एक तरुण गुलाम म्हणून आणला आणि आपल्या मुलाच्या सेवेला दिला. पुढे राणी इसाबेलाने अशा गुलामांना मायदेशी परत पाठवण्याचा हुकूम काढला, तेव्हा तो तरुणही परत गेला. १५०२ साली बार्तोलोमे स्वतः जहाजाने हिस्पॅनिओला बेटावर पोहोचले. आज या बेटावर हैती आणि डोमिनिकन प्रजासत्ताक हे देश आहेत.

तिथे स्पॅनिश लोकांनी एक पद्धत सुरू केली होती. राजसत्तेच्या वतीने एकेका स्पॅनिश माणसाच्या ताब्यात काही मूळ रहिवासी सोपवले जात. त्याने त्यांना श्रद्धेचे शिक्षण द्यावे, त्यांचे रक्षण करावे आणि त्याबदल्यात त्यांच्याकडून काम करून घ्यावे, असा नियम होता. प्रत्यक्षात शिक्षण आणि रक्षण कागदावरच राहिले. सोन्याच्या खाणीत आणि शेतात लोक उपासमारीने व अतिश्रमाने मरू लागले. युरोपातून आलेल्या रोगांनीही त्यांचे हजारोंनी बळी घेतले.

१५११ च्या आगमनकाळात सान्तो डोमिंगो येथे आंतोनियो दे मोंतेसिनोस या डॉमिनिकन संन्याशांनी भर मिस्सेत या अन्यायाचा जाहीर निषेध केला. हे लोक माणसे नाहीत का, असा त्यांच्या प्रवचनाचा रोख होता. जमलेले प्रतिष्ठित लोक संतापले. लास कासास तोवर धर्मगुरू झाले होते, पण या विचारांनी त्यांच्यात बदल झाला नाही. एकदा ते पापनिवेदनाला गेले असता, तुमच्या ताब्यात माणसे आहेत म्हणून पापक्षमा देता येत नाही, असे एका डॉमिनिकन धर्मगुरूंनी त्यांना स्पष्ट सांगितले. त्यांनी वाद घातला. ताब्यातली माणसे मात्र सोडली नाहीत.

पुढे क्युबा जिंकायला निघालेल्या फौजेबरोबर ते गेले. कावनाओ नावाच्या गावी लोकांनी सैनिकांसाठी खायला आणले होते. अचानक एका सैनिकाने तलवार उपसली आणि पाहता पाहता कत्तल सुरू झाली. लास कासास धावले, जखमींची सेवा केली, मरणाऱ्यांना स्नानसंस्कार दिला. तरीही मोहिमेनंतर बक्षीस म्हणून मिळालेली जमीन आणि माणसे त्यांनी स्वीकारली. इतरांपेक्षा आपण यांना बरे वागवतो, अशी त्यांनी मनाची समजूत घातली असावी. आपणही पुष्कळदा असेच करतो.

ही समजूत पेन्टेकॉस्टच्या त्या तयारीत कोसळली. त्यांनी आपल्या ताब्यातील माणसे परत केली. १५ ऑगस्ट १५१४ रोजी, पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाला, त्यांनी प्रवचनात या पद्धतीचा उघड निषेध केला. त्यांचे भागीदार पेद्रो दे ला रेन्तेरिया यांच्याही मनात याच सुमारास या लोकांविषयी कळवळा दाटला होता. दोघांनी मालमत्ता विकून प्रवासाचा खर्च उभा केला आणि लास कासास राजाला भेटण्यासाठी स्पेनला गेले. १५१६ साली त्यांची मूळ रहिवाशांचे संरक्षक म्हणून नेमणूक झाली.

याच काळात त्यांच्या हातून एक मोठी चूक झाली. मूळ रहिवाशांचे हाल थांबावेत म्हणून त्यांच्याऐवजी आफ्रिकेतून गुलाम आणावेत, अशी सूचना त्यांनी केली. गुलामांचा तो व्यापार त्यांच्या आधीपासूनच चालू होता, पण त्यांच्या शब्दाने त्याला बळ मिळाले. एकाचे अश्रू पुसताना त्यांना दुसऱ्याचे दिसले नाहीत. पुढे, आफ्रिकेतील लोकांना कसे पकडून आणले जाते हे कळल्यावर, दोघांचीही गुलामगिरी सारखीच अन्यायाची आहे, हे त्यांनी आपल्या इतिहासग्रंथात लिहून ठेवले. आपल्या अज्ञानाची सबब देवासमोर पुरेशी ठरेल याचीही त्यांना खात्री वाटत नव्हती. त्यांनी चूक झाकली नाही, पण झालेले नुकसान त्यांना भरून काढता आले नाही.

दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर शांततामय वसाहत वसवण्याचा त्यांचा प्रयत्नही फसला. खचलेल्या लास कासास यांनी १५२२ साली डॉमिनिकन संघात प्रवेश केला आणि अनेक वर्षे अभ्यास व प्रार्थनेत घालवली. १५३७ साली पोप तिसरे पॉल यांनी जाहीर केले की हे लोक पूर्ण अर्थाने माणसे आहेत, त्यांचे स्वातंत्र्य व मालमत्ता हिरावून घेता येणार नाही. त्याच सुमारास, ग्वाटेमालातील ज्या भागाला स्पॅनिश सैनिक युद्धभूमी म्हणत, तिथे लास कासास व त्यांच्या बंधूंनी शस्त्राविना सुवार्ता नेण्याचे काम हाती घेतले. स्थानिक भाषेत गीते रचून ती फिरत्या व्यापाऱ्यांमार्फत पोहोचवली. पुढे त्या भागाला व्हेरापाझ, म्हणजे खरी शांती, असे नाव मिळाले.

१५४२ साली सम्राट पाचवे चार्ल्स यांनी नवे कायदे केले. मूळ रहिवाशांना गुलाम करण्यास बंदी आली आणि माणसे ताब्यात देण्याची पद्धत हळूहळू संपवण्याचे ठरले. १५४४ मध्ये लास कासास यांना महागुरुपदाची दीक्षा मिळाली आणि ते मेक्सिकोतील चियापासला गेले. जे मालक आपली माणसे मुक्त करणार नाहीत व लुबाडलेले परत करणार नाहीत, त्यांना पापक्षमा देऊ नये, असा आदेश त्यांनी आपल्या धर्मगुरूंना दिला. जे एकेकाळी त्यांना स्वतःला नाकारले गेले होते, तेच आता ते इतरांना नाकारत होते. शहरात दंगा झाला, धमक्या आल्या. विरोधापुढे नमून सम्राटानेही १५४५ साली कायद्यातील महत्त्वाचे कलम मागे घेतले. लास कासास स्पेनला परतले, ते कायमचेच.

१५५० ते ५१ मध्ये व्हायादोलिद येथे विद्वानांच्या सभेपुढे प्रसिद्ध वादविवाद झाला. काही माणसे जन्मतःच गुलाम असतात, म्हणून त्यांच्यावर युद्ध लादणे योग्य आहे, असे सेपुल्वेदा या पंडिताचे म्हणणे होते. लास कासास यांनी अनेक दिवस आपला युक्तिवाद वाचून दाखवला. सर्व मानवजात एकच आहे, प्रत्येकाला बुद्धी व इच्छास्वातंत्र्य आहे आणि श्रद्धा तलवारीने देता येत नाही, असे त्यांनी मांडले. सभेने औपचारिक निकाल दिला नाही. मात्र मानवी हक्कांच्या इतिहासात त्या वादाचे स्मरण आजही केले जाते.

१८ जुलै १५६६ रोजी माद्रिद येथे त्यांचे निधन झाले. अखेरपर्यंत ते राजदरबारी अर्ज करतच होते. त्यांचा इतिहासग्रंथ छापला गेला तो थेट १८७५ साली.

बंधुभगिनींनो, लास कासास यांना देवाने स्वर्गातून वाणी ऐकवली नाही. प्रवचनासाठी उघडलेल्या पुस्तकातूनच तो त्यांच्याशी बोलला. आपणही दर रविवारी देवशब्द ऐकतो. आपल्या घरी धुणीभांडी करणारी बाई, वाडीत राबणारा मजूर, बांधकामावरचा परगावचा कामगार यांचे काही देणे आपल्याकडे राहिले आहे का? अर्पणाच्या वेळी वेदीकडे जाण्याआधी हा हिशेब पाहावा. आणि ज्यांच्याकडे आपली नजर अजून गेलेलीच नाही, ती माणसे आपल्याला दिसावीत, म्हणून प्रभूकडे प्रार्थना करावी.