बाबा आमट्यांची पाठ

सिकंदराबादच्या जमिनीत कुदळ मारली की आधी ठिणगी दिसते, मग माती. मारेडपल्लीतल्या आमच्या घरामागचे परसूही तसेच. आजोबांचा एक पेरू सोडला तर सगळी घाणेरी आणि दगड. दोन वर्षांपूर्वी मी स्कूटरवरून पडले, तेव्हापासून कंबर दुखते. वाकायचे नाही, बादली उचलायची नाही, फार वेळ बसायचे नाही. बी.कॉम.च्या तासाला मी मागच्या भिंतीशी उभी का असते, हे वर्गाला आता ठाऊक झाले आहे. बीदरची माझी आजी रोज सकाळी आधी पाठीची चौकशी कानडीत करते, मग चहाचे विचारते.

तरी परसू साफ करायचे मनात आले, तेव्हा आईने साधनाताई आमट्यांचे ‘समिधा’ हातात दिले. बाबांना पाठीच्या मणक्यांचा असाध्य विकार होता आणि त्यांनी खडकावर आनंदवन फुलवले, एवढे शाळेत शिकले होते. दुखऱ्या पाठीने त्यांनी खडक फोडला, असेच मी धरून चालले होते. ते चूक होते.

मुरलीधर देविदास आमटे यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी हिंगणघाटला, जमीनदाराच्या घरी झाला. वकिली, शिकार, सिनेमा, मोटार, सगळे शौक करून झाले. वरोऱ्यात एकदा पावसात पडलेला तुळशीराम नावाचा कुष्ठरोगी पाहून ते घाबरून पळाले, आणि त्या भीतीचीच त्यांना शरम वाटली. मग कलकत्त्याला जाऊन त्यांनी कुष्ठरोगावरील उपचारांचे शिक्षण घेतले. १९५१ साली वरोऱ्याजवळच्या ५० एकर खडकाळ माळावर ते राहायला गेले. सोबत साधनाताई, दोन लहान मुले, सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि १४ रुपये. आमच्या अकाउंटन्सीच्या पुस्तकात असला ताळेबंद बसत नाही.

बाबा तेव्हा छत्तिशीचे होते. विहीर त्यांनी आणि त्या रुग्णांनी मिळून खणली. कुष्ठरोगात हातापायांची संवेदना जाते. फोड फुटला, काटा रुतला, भाजले, तरी कळत नाही. काम संपल्यावर स्वतःचा तळवा डोळ्यांनी तपासावा लागतो. बोटे झडतात ती बरीचशी अशा न कळलेल्या जखमांनीच. म्हणजे त्या माळावर खणणाऱ्यांना दुखतच नव्हते, आणि तेच त्यांचे दुर्दैव होते! हे वाचले त्या दिवशी मी माझ्या कंबरेला शिव्या देणे थांबवले. कायमचे नव्हे, दोन-तीन दिवस.

भाजी पिकली, पण रोग्यांनी लावलेली म्हणून सुरुवातीला गिऱ्हाईक मिळेना. पुढे परदेशातले तरुण तिथे राहून बांधकाम करून गेले, तेव्हा कुठे वरोऱ्याची भीड चेपली.

पाठीचे दुखणे नंतरचे. ते इतके वाढले की बाबांना बसताच येईना, एक तर उभे राहायचे, नाही तर आडवे व्हायचे. मला इथे सर्वांत जास्त शिकायला मिळाले. बसणे आयुष्यातून वजा झाले, तेव्हा उरलेल्या दोन स्थितींत बसेल अशी त्यांनी कामाची मांडणी केली. पाहुण्यांशी खाटेवर पडून बोलायचे, फिरायचे ते पायी. १९८५च्या डिसेंबरात, एकाहत्तरीच्या उंबरठ्यावर, ‘भारत जोडो’साठी कन्याकुमारीहून ते निघाले. तरुण सायकलींवर, बाबा बसमध्ये आडवे. १९९० साली आनंदवन सोडून ते नर्मदाकाठी कसरावदला राहायला गेले आणि सुमारे दहा वर्षे तिथे राहिले. दुखणे काही गेले नाही. ९ फेब्रुवारी २००८ रोजी आनंदवनात त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे दहन न करता देह तिथल्याच मातीत ठेवण्यात आला.

आमच्या परसातले दगड मी काढले नाहीत. धाकट्या भावाकडून ते एकावर एक रचून घेतले, कंबरेच्या उंचीचा ओटा केला आणि वर माती भरली. आता मी उभ्यानेच खुरपते. वीस मिनिटे झाली की ओसरीतल्या चटईवर आडवी होते आणि तिथून आईला सूचना देते. तिला त्याचा राग येतो. पहिली मेथी निम्मी जळाली, कारण दगड उन्हाने फार तापतात. आता भिंतीच्या सावलीत दुसरा ओटा घालायचा आहे. पेरूपर्यंत अजून पोचले नाही.